गावंडेच्या वहीला चाळीस चिठ्ठ्या

१२ नोव्हें. ७८, रवि.
सकाळी वाचनालयात. माझ्या ‘चिंतनिके’ला चिठ्ठ्या चार. एक सुमनची, बायको म्हणून ठेवलेली, तीही प्रस्तावनेच्या पानात. एक मेव्हण्याची, तो तिकडे नागपुरात धरमपेठेत राहतो, आपल्या वाचनालयाचा सभासदसुद्धा नाही. एक वाचनालय सांभाळणाऱ्या देवतळे मास्तरांची, ते सगळ्यांनाच ठेवतात. चौथीवर नाव नाही, फक्त ‘वाचली’.
गावंडेच्या वहीला एकतीस. वही कसली, शाळेतल्या पोरांची असते तशी, खाकी कव्हर, वर नावसुद्धा नाही. चिठ्ठ्यांनी इतकी फुगली की मिटत नाही.
मी सहा वर्षं लिहितोय. तो वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरचा फोरमन, वर्षभरापूर्वी लिहायला लागला. पोटात दुखतंय. कुठे बोलता येत नाही म्हणून इथे लिहून टाकतो.

१६ नोव्हें., गुरु.
मास्तरांनी फळ्यावर लिहिलं. संक्रांतीला सकाळी दहाला मोजणी. कॉलनीतल्या ज्या हस्तलिखिताला जास्त चिठ्ठ्या, त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून घरोघर वाटायच्या. बाकीची हस्तलिखितं कपाटात.
चिठ्ठ्यांची कल्पना मास्तरांचीच. जे आवडलं त्या पानात नाव-तारीख लिहून चिठ्ठी ठेवायची, टोक बाहेर. दुसऱ्याने टोक बघून ते पान उघडायचं. मी तेव्हा ‘छान, छान’ म्हणालो होतो.
कपाटात म्हणजे खालच्या खणात, जुन्या पंचांगांशेजारी. सहा वर्षं!

१९ नोव्हें., रवि.
शेवटी गावंडेची वही उघडली. उभ्याउभ्याच, कोणी बघत नाही असं पाहून. बायको वाळत घातलेल्या मिरच्यांवरची राख झटकते, शेजारीण म्हणते फोडणीत घातली की काय कळतं, यावर दोन पानं. मग पट्टा बंद पडला तेव्हा सगळे कसे एकमेकांकडे बघत राहिले, त्यावर एक. ना विचार, ना भाषा. ‘मले’, ‘तुले’ तसंच्या तसं लिहितो.
तीन पानं वाचली. मास्तरांनी खिडक्या लावायला घेतल्या तेव्हा कळलं, पाऊण तास उभा होतो.
यात काय आहे एवढं? खरंच विचारतो.

२५ नोव्हें., शनि.
स्टोअरमधल्या चौधरीशी बोलणं केलं. त्याची घरगुती औषधांची कात्रणवही आहे, तिलाही कोणी विचारत नाही. मी त्याच्या वहीत ठेवायची, त्याने माझ्या. ठरलं. त्याने ‘चिंतनिका’ न उघडताच चिठ्ठी खुपसली. मी निदान मूळव्याधीचं पान उघडून मग ठेवली.
आणखी एक केलं. लोक ज्या रहस्यकथा नेतात त्यांत, ऐन खुनाच्या पानाशी चिठ्ठ्या: ‘याहून सरस! वाचा: चिंतनिका, पान १४.’ सात पुस्तकांत.

३० नोव्हें., गुरु.
उपाय लागू पडला आणि नाहीही. संध्याकाळी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून पाहत बसलो. चौघांनी ‘चिंतनिका’ उचलली. पान १४ उघडलं (‘एकांत आणि समष्टी’), दोन ओळी, मिटली, ठेवली. एकाने तर खुनी कोण ते यात आहे का म्हणून मास्तरांना विचारलं.
येतात, पण थांबत नाहीत. गावंडेकडे मात्र बाकावर दोघं दोघं एक वही धरून.

३ डिसें., रवि.
आता लिहूनच टाकतो, रोजनिशीशी काय चोरी. गेले तीन दिवस दुसऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या लिहितोय. एकोणीस झाल्या. टाइम ऑफिसात बसतो त्याचा एवढा तरी उपयोग. हजेरीपट समोर, कोण कुठल्या शिफ्टला, कोणाची सुटी कधी, सगळं ठाऊक. ज्याची ज्या दिवशी सुटी, त्याच्या चिठ्ठीवर तीच तारीख. कामावर असलेला माणूस त्याच दिवशी वाचनालयात दाखवण्याइतका मी खुळा नाही. काही डाव्या हाताने, काही हिरव्या शाईने.
एकूण २४. गावंडे ३६. मास्तर म्हणाले, तुमच्याकडे बरीच मंडळी वळली हो. मी मान हलवली. लाज वाटली का? थोडी. त्याहून जास्त बरं वाटलं.

५ डिसें., मंगळ.
आज जे झालं ते विसरता येणार नाही. कामावरून आलो तर सुमन खिडकीशी बसून हसत होती. एकटीच, पदर तोंडाला लावून. मांडीवर खाकी कव्हर.
म्हणाली, अहो, ते मिरच्यांचं वाचलंत का? मी म्हटलं, असल्या गोष्टींना वेळ नाही.
माझं वाचून सुमन कधी हसली नाही. रडलीही नाही. ‘छान आहे’ म्हणते आणि कुकर बघायला जाते. लग्नाच्या बारा वर्षांत तिला असं हसवायचं मला जमलं नाही, आणि त्या फोरमनला, जो तिला धड ओळखतही नाही…
रात्री जेवलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१० डिसें., रवि.
मी ४३. गावंडे ४०. गेलो पुढे!
काल-परवा झपाट्याने एकोणीस लिहिल्या, हजेरीपट उघडा ठेवून, वरून खाली.

१२ डिसें., मंगळ.
गावंडे टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. कपाळापर्यंत कोळसा, दात तेवढे पांढरे. मला वाटलं भांडायला आला. तर अभिनंदन म्हणाला. वर म्हणाला, “लोकं एवढं वाचून राहिले भाऊ, तं मलेबी वाचाले पाह्यजे न. चार दिवस घरी नेऊ का?”
नाही कसं म्हणणार. नेली. चिठ्ठ्यांसकट.

१४ डिसें., गुरु.
कामात लक्ष नाही. दोघांच्या हजेऱ्या चुकीच्या रकान्यात मांडल्या. वाचून तो मनात हसत असेल. की कंटाळला असेल? कंटाळला तर जास्त वाईट.

१६ डिसें., शनि.
दुपारी गावंडे वही घेऊन घरी आला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. सुमन बाजारात गेली होती, देवानेच धाडली म्हणायची. चहा मीच केला.
बशीतून चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, “भाऊ, चिठ्ठ्यांवर टोकन नंबर काहून टाकले?”
मला आधी समजलंच नाही. त्याने वही उघडून पुढे केली. प्रत्येक नावाखाली नंबर. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, खाली टोकन नंबर, हजेरीपटावर असतो तस्सा. अकरा वर्षं रोज चारशे नावं अशीच लिहितो. डावा हात बदलला, शाई बदलली, सुट्या जुळवल्या, आणि हे मात्र हातातून आपोआप उतरत गेलं.
“मले माहा नंबर पाह्याले खिशातून कार्ड काढा लागते,” म्हणाला. “तुम्हाले सगळ्यांचे पाठ हायेत.”
मग एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. गावंडे म. रा., टोकन ४१७. गजभियेनंतर गावंडे, हजेरीपटाच्या ओघात मी त्याचंही नाव उतरवलं होतं! स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याची शिफारस स्वतःच लिहिणारा माणूस दुसरा सापडणार नाही.
वाटलं, आता हा बाहेर जाऊन बोंबलणार. मी असतो तर तेच केलं असतं. तो म्हणाला, “तवा मी वाचलं नव्हतं. आता वाचलं. बावीस नंबरचं पान चांगलं हाय भाऊ. बाकी मले नाही झेपलं.” आणि ती चिठ्ठी पान ३ मधून काढलेली, बावीसमध्ये ठेवली. “हे आता खरी हाय, राहू द्या. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा.”
चपला घालून गेला. कोणाला सांगेन म्हणाला नाही, सांगणार नाही असंही म्हणाला नाही.

१७ डिसें., रवि.
बावीस नंबरचं पान म्हणजे अर्धं पान रिकामं राहिलं म्हणून भरलेलं. माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगवायू झाला त्यानंतर मी रोज सकाळी त्यांची दाढी करायचो. त्यांना बोलता येत नसे. वस्तरा उलटा फिरला की डाव्या हाताने माझं मनगट धरून सरळ करायचे. एवढंच. ना सिद्धान्त, ना निष्कर्ष. छापायच्या वेळी वगळणार होतो.
तो मला सोडूनही देऊ शकतो, आणि वर आवडलं तेवढंच आवडलं म्हणून सांगू शकतो. लिहिण्यात पुढे होताच, आता माणूस म्हणूनही पुढे. एवढ्याने तरी माझी जळजळ थांबावी की नाही? वाढली.

३१ डिसें., रवि.
‘चिंतनिका’ वाचनालयात परत ठेवली होती, चिठ्ठ्या तशाच. एक एक काढू म्हणून तीनदा गेलो, दर वेळी कोणी ना कोणी बसलेलं.
आज पोळी वाढता वाढता सुमन म्हणाली, “दादांना पाणी फार गरम लागायचं दाढीला. ते नाही लिहिलंत तुम्ही.”
मी विचारलं, कुठे वाचलंस. म्हणाली, काल वाचनालयात. त्या पानात एकच चिठ्ठी दिसली, गावंडेंची. त्यांना काय आवडलं असेल म्हणून उघडलं. मग पोळपाटाकडे बघून म्हणाली, “हे मला कधी दाखवलं नाहीत.” उठून आत गेली.
लग्नाला बारा वर्षं झाल्यावर माझं लिहिलेलं सुमनपर्यंत पोचलं, आणि पोचवलं कोणी, तर त्याने. माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझ्याच पानावर तो घेऊन आला. आनंद झाला का ते ठरवता येत नाही. दोन्ही एकदम होतंय.

७ जाने. ७९, रवि.
मास्तरांनी मोजणीचं काम मला दिलं. सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची, नाव मोठ्याने वाचायचं. म्हणाले, टाइम ऑफिसचा माणूस, मोजण्यात चूक होणार नाही, आवाजही खणखणीत. स्पर्धकानेच मोजावं का असं मी विचारलं, तर गावंडे बाकावरून म्हणाला, “माही काही हरकत नाही.”
म्हणजे ज्यांची नावं लिहिली ते समोर बसलेले असणार, आणि मी त्यांना त्यांची नावं वाचून दाखवणार.

१३ जाने., शनि.
खुर्च्या लावायच्या म्हणून मास्तरांनी दुपारीच किल्ली दिली. तीन वाजता गेलो. आत कोणी नव्हतं.
माझ्या वहीतून सदतीस काढल्या. राहिल्या सहा. वही इतकी बारीक दिसली की कोणाची तरी दुसऱ्याचीच वाटली.
मग गावंडेची समोर घेतली. खोटं कशाला लिहू, आधी हात तिच्या चिठ्ठ्यांकडेच गेला. तीसेक काढल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? एक ओढलीसुद्धा. मग ते पान वाचलं, मी आधी न वाचलेलं. आईचं ऐकू येणं गेलं, तरी ती मुलाच्या पायजम्याला लागलेल्या कोळशावरून पट्टा आज चालला की नाही ते ओळखते, असं काहीतरी. चिठ्ठी होती तिथे घातली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली, बसून.
इतकं चांगलं लिहितो की राग येतो. मला असं कधी येणार नाही, फार तर त्या अर्ध्या पानाएवढं. हे कोणाला सांगण्यापेक्षा मी सहा चिठ्ठ्यांवर हरलेला परवडलो.
एक कोरी चिठ्ठी घेतली, माझं नाव लिहिलं, आजची तारीख. त्याच्या वहीत ठेवली तर एकेचाळीस होतील, आणि उद्या सगळ्यांसमोर मलाच ती वाचावी लागेल. ठेवायला गेलो आणि नाही ठेवली.
घरी आलो, चहा झाला. सुमन तिळगुळाच्या वड्या थापतेय, मध्येच विचारलं, उद्या तुमचं काय होईल हो. मी म्हटलं, बघू.
सदतीस डाव्या खिशात आहेत, फाडलेल्या नाहीत. माझी उजव्या खिशात. वाचनालय पाच मिनिटांवर, आणि किल्ली सकाळी दहापर्यंत माझ्याकडेच.