बंद मशीनचा निरोप

इस्लामपूर, जानेवारी १९९८

आदरणीय बनुआत्यास,

राजरत्नचा सविनय जयभीम. या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत बरी आहे, सध्या एवढंच लिहितो.

तू विचारलंस, साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरवर नेमकं करतो काय. सध्या रखवाली करतो. आमच्या विश्रामबागच्या ऑफिसातली मंडळी टेलिफोनच्या तारेवरून गेम खेळत, विनोद पाठवत, आणि इकडे वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर तुंबून उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर जाई. म्हणून साहेबांनी राउटरवर गाळणी बसवायला सांगितली. (राउटर म्हणजे फाटक समज. कुठल्या मशीनला आत सोडायचं, कुठल्याला नाही, ते मी त्याला लिहून देतो. किती अडवले, तो मोजतो.)

गाळणी बसली, तारेवरची गर्दी हटली, आणि त्याच दुपारी काट्यावरच्या आप्पासोच्या स्क्रीनवर चौकट उघडली: ‘आप्पा, जेवलास का?’ निरोप दादासोच्या मशीनवरून होता. दादासो विश्रामबागेत बसायचा, रोज हेच विचारायचा. दिवाळीत तो वारला. (आपण भुतं मानत नाही, असं मी आप्पासोला बजावलं. आवाज जरा चिरका आला.)

कुणाची तरी थट्टा समजून मी त्या मशीनचा पत्ता राउटरवर अडवला. तरी रोज जेवणाच्या सुट्टीत अडवलेल्यांचा आकडा एकाने वाढायचाच. शेवटी एसटीने विश्रामबाग गाठलं. तिथल्या अंजनाबाई म्हणाल्या, “आवं, ते मशीन कवाचं बंद हाय. कोन हातबी लावत न्हाई.” मी त्याची तार उपटून हातात धरली आणि आप्पासोला फोन करून आकडा बघायला सांगितला.

“आत्ताच वाढला, गड्या,” तो म्हणाला.

तार तिथेच टाकून मी परतीची एसटी पकडली.

परत आलो तर आप्पासो दारातच उभा. “आडवू नगंस रं त्याला. इचारू दे की. घरी मला कोन इचारतंय?” मी अडवण्याचा नियम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी चौकट उघडली. आप्पासोने एका बोटाने टाइप केलं: ‘व्हय. तू?’ उत्तर आलं नाही, पण त्या दिवशी तो डबा पुसून जेवला.

मामांना जयभीम, पिंकीला पापा.

तुझा,
राजरत्न

ता. क. साताऱ्यात कुठे कॉम्प्युटरची नोकरी असली तर मामांना बघायला सांग. पगार कमी चालेल. परवा ती चौकट माझ्या स्क्रीनवर उघडली, माझं नाव घेऊन.

आणखी ता. क. मामांना थांबव. आज चौकट कुणाकडेच उघडली नाही. दुपार उलटून गेली, आप्पासो डबा न उघडता बसलाय, आणि मी राउटरचे सगळे नियम पुन्हा पुन्हा वाचतोय, मीच तर त्याला कुठे अडवलं नाही ना.