आत्याची कॅसेट

आत्या,

आम्ही देश सोडला तेव्हा तू स्वतः गाऊन भरून दिलेली कॅसेट बाबांच्या टेपरेकॉर्डरवर ऐकतच मी गाणं शिकले. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं गिटार शिकवली. आता माझा पहिला अल्बम आलाय. 'एवढ्याशा पोरीच्या गळ्यात केवढं दुःख!' असं लोक म्हणतात. रोज तेच संथ, जड गाणं गाऊन मी पार थकलेय.

काल बाबांचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नेला. "हा पहिल्यापासूनच हळू चालतोय," म्हणत दुरुस्तीवाल्यानं कॅसेट स्वतःच्या मशीनवर लावली.

आत्या, तू भराभर गात होतीस! मधेच हसतही होतीस.

मला वाटायचं, आम्ही तुला मागे टाकलं म्हणून तू रडतेयस. त्या लाजेनं वीस वर्षं तुला साधा फोन केला नाही.

उद्या पुन्हा तेच रडगाणं गायचंय. तिकिटं त्याचीच खपलीत.

तुझी,
उगाचच दमलेली भाची