दोन सारखे रेझिस्टर

अप्पा, परवा सकाळी स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसून मी एक लहानसा डबा जोडत होतो. तुमच्या आवाजाची एकच कॅसेट उरली आहे. राजवाड्यामागच्या हॉलमध्ये तमिळ मुलखातल्या आपल्या मराठी लोकांच्या मुलांचा कवितापाठ होता, आणि माझ्या लेकीनं ठरवलं, आरंभी आजोबांना ऐकवायचं. तिनं कॅसेट संगणकात उतरवली. पण हॉलच्या आवाजाच्या मिक्सरवर माइकचीच जागा मोकळी, आणि संगणकाला जोडलेल्या तिच्या पेटीतून निघणारा आवाज माइकच्या मानानं शंभरपट जोराचा. तसाच जोडला तर तुम्ही फाटून, घोगरे होऊन बाहेर पडणार. ही पोरं तुम्हाला एकदाच ऐकायची. ते मला नको होतं.

लाउडस्पीकरच्या धंद्यातली तुमचीच रीत धरली. दोन तारांत वीज रोखणारा एकेक मोठा रेझिस्टर, पुढं त्या दोहोंच्या मध्ये आडवा एक लहान. आवाजाचा शंभरावा हिस्सा उरतो. तुमच्या हाताखाली असताना पापनाशम गावच्या एका लग्नात मी असाच डबा केला होता, पाकिटातले पहिले दोन उचलून. मंगलवाद्याच्या टेपमागं दिव्यांच्या वायरींची घरघर सुरू झाली. तुम्ही डबा उघडलात आणि विचारलंत, "मोजलास?"

"दोन्हींवरचे पट्टे सारख्याच रंगाचे आहेत, अप्पा."

"जुळ्या पोरांचं वजन सारखं भरतं होय रे?"

मग मंडपामागं बसून मूठभर रेझिस्टर मीटरला लावलेत आणि एक जोडी काढलीत. दोन्ही तारांत घरघर सारखी शिरली तरच पुढचं यंत्र ती वजा करतं, एवढंच बोललात. दिवसभर माझ्याकडं पाहिलं नाहीत.

बाकीचे मैक्‌ सेटवाले, लग्नाजत्रांत माइक लावणारे, "हॅलो, हॅलो" करत. तुम्ही मैक्‌ लावला की शाळेतली कविता म्हणायचात, चालीसकट, पुरी. तिरुवैयारूचा चहावाला ओरडे, "मराठीकारा, आमच्या गावाला कळेल असं काही म्हण की." तुम्ही मैक्‌मधूनच उत्तर द्यायचात, "आधी मैक्‌ला मराठी येऊ दे, मग तुझी पाळी." त्या कविता मला अजून येतात. ओढ्याकाठच्या झाडाची म्हणताना अजून गार सावली अंगावर येते.

परवा मूठभर रेझिस्टर मोजले, दोन आकडे सारखे येईनात. लेक म्हणाली, "बाबा, अजून मोजताय? पत्रिका जुळवताय का त्यांच्या?" बऱ्याच वेळानं एक जोडी जुळली.

हॉलमध्ये तुम्ही सुरू झालात आणि मागं काहीसुद्धा नाही, अप्पा, घरघर नाही, खरखर नाही. दुसऱ्या कडव्याआधी तुम्ही घेतलेला श्वास ऐकू आला. पुढच्या रांगेतली एक मुलगी, घरी तमिळच बोलणारी, ओठ हलवत होती. आणि तिसऱ्या कडव्यात, अगदी जवळून, कोणीतरी फिसकन हसलं. घरच्या लहान स्पीकरवर ते कधी कानावर पडलं नव्हतं.

लेक माझ्याकडं वाकली. "हसतंय कोण, बाबा?"

"असेल गावातलं कोणी," मी म्हणालो. तिनं मान हलवली.

ती कॅसेट भरली तेव्हा तुमच्या मागं रेकॉर्डर धरून मीच उभा होतो. पलीकडं माझ्या वयाची चार पोरं तुमच्याकडं बघून हसत होती. मीही हसलो; मी त्यांच्यातला आहे असं त्यांना वाटावं, एवढंच मला तेव्हा हवं होतं. हे तुम्हाला आता लिहितोय. लेकीला अजून सांगितलेलं नाही.