कारभाऱ्याचे लाल कान

मंगळवार, १० जून

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद वगैरे लिहायची आज इच्छा नाही, तेव्हा लिहिलेत असं समज. इकडे सर्व ठीक. तिकडे तूही ठीकच असशील, तुला काय धाड भरलीय?

फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि मग मी ओरडते, म्हणून पत्र. इथे तुला मध्ये बोलता येत नाही.

कारभाऱ्याचे कान परत लाल झालेत. पंजे चाटून चाटून ओले केलेत, पोटावर चट्टे. डोकं झाडतो तेव्हा कान फटाफट वाजतात, आणि कानांचा वास तर विचारूच नकोस. बाबांच्या मागे राहिलेला त्यांचा एकुलता एक कुत्रा, आणि त्याची ही दशा.

डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. खाण्यातलं काहीतरी त्याला सोसत नाही. काय ते कळायला हवं तर आठ आठवडे त्याने आजवर कधी न खाल्लेलं एकच मांस आणि एकच कंद. बदक आणि रताळं. बाकी कणसुद्धा नाही. बिस्किट नाही, कुणाच्या ताटातलं नाही, चवीची म्हणून मिळते ती जंताची गोळीही नाही. एकदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तू मान डोलावलीस. तुझी मान डोलते छान.

मी लाँड्रीतून दमून येते, बदक शिजवते, त्या वासाने माझी स्वतःची भूक मरते, तरी रताळी कुस्करते. आठवडाभरात त्याची खाज उतरत येते. मग रविवारी सकाळी साहेब बेकरीतली ड्यूटी संपवून तडक इकडे येतात, तासभर फाटकापाशी लाड करतात, आणि मंगळवारी आमची पुन्हा खाजवाखाजव सुरू. दर आठवड्याला हेच. मी काय दुधखुळी आहे?

परवा तुला विचारलं तर म्हणे, "ताई, बाबांची शपथ, काही नाही दिलं." बाबांची शपथ! डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं तेव्हाही तू अशाच शपथा घ्यायचास, आणि त्यांच्या उशीखालून केकचा चुरा मी झाडायची.

मी ओरडले, अख्खी गल्ली गोळा झाली. झाली तर झाली. यापुढे रविवारी यायचं नाही. रागाच्या भरात जॅकेट फाटकावर टाकून गेलास, ते पाठवून देईन कुणाबरोबर तरी. आणि बाबांच्या निळ्या सदऱ्याचं पुन्हा विचारत होतास. मिळणार नाही. तुझ्या पिठात लोळवायला नाही जपलेला मी तो.

ताई


गुरुवार, ७ ऑगस्ट

चि. बारक्या,

पत्राला उत्तर नाही, फोन उचलत नाहीस. ठीक आहे. तुझा आवाज ऐकला नाही म्हणून माझं काही अडलेलं नाही. काही गोष्टी तुला कळायला हव्यात, म्हणून लिहिते.

तू यायचा थांबलास आणि कारभाऱ्याचे कान बरे झाले. पोटावर केस आले. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बघा, सांगत नव्हते?" अगदी तोऱ्यात म्हटलं.

मग जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी घरी आले, तर हा पंजे चाटत बसलेला आणि कान तापलेले. तू नाहीस, दुसरं कुणी आलेलं नाही, फाटकाला कुलूप. बदक तेच, रताळं तेच. मी घर पालथं घातलं. शेवटी मागच्या खोलीत पलंगाखाली तुझं जॅकेट सापडलं. हो, पाठवायचं राहिलं, मग? त्याने ते खुंटीवरून ओढून नेलं होतं आणि बाह्या चाटून चाटून चिंब केल्या होत्या.

मी आधी खिसे उलटे केले. दिवसभर लाँड्रीच्या काउंटरवर दुसरं काय करते मी? तुला रंगेहाथ पकडायचंच होतं. बिस्किट निघेल, निदान चुरा निघेल. निघाला एक रुमाल आणि बसचं तिकीट. मग बाहीची दुमड उलगडली. शिवणीत पीठ. कॉलरच्या आत पीठ, बटणांच्या मागे पीठ. जन्म गेला माझा लोकांच्या बाह्या तपासण्यात, आणि सख्ख्या भावाची बाही कधी बघितली नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी पूर्ण शांत होऊ दिलं. मग म्हणाल्या, नखाएवढा पावाचा तुकडा द्या आणि बघा. दोन दिवसांत कान लाल! गहू सोसत नाही त्याला. अंडं, दूध, कोंबडी एकेक करून अजून बघायचंय, पण गहू नक्की. त्यांनी विचारलं, "पिठात काम करणारं कुणी आहे का? तो त्यांचे हात चाटतो का?"

तर तू काही दिलं नव्हतंस. शपथ खरी होती. एकदा लिहिलंय, पुन्हा लिहायला लावू नकोस. बाबांना केक मात्र तू देतच होतास.

आणि माझा राग काही नुसता खाजेचा नव्हता. त्याचं आंघोळ-औषध मी करायचं, रताळी मी कुस्करायची, आणि कोपऱ्यावर तुझी चाहूल लागली की हा माझ्या हातातला घास टाकून धावणार. बाबांचंही तेच. गोळ्या माझ्या हातून घ्यायच्या आणि डोळे दाराकडे लावायचे. फार राग यायचा मला तुझा. अजून येतो.

आता रविवार आला की तो सकाळपासून फाटकाच्या खालच्या दांडीवर हनुवटी टेकून पडतो. बदक तसंच राहतं. दुपारी मी ताटली उचलून आणते. कान अगदी छान आहेत त्याचे.

तेव्हा रविवारी ये. आणि पुढचं नीट वाच, वाचल्यासारखं करू नकोस. आल्या आल्या त्याला हात लावायचा नाही. तो आकांत करेल, करू दे, मी आत बांधून ठेवीन. मागच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावायचा, नखांत ब्रश फिरवायचा, मान आणि केससुद्धा धुवायचे. घड्याळ काढायचं, पट्ट्यात पीठ बसतं. अंगावरचे कपडे आणि बूट बाहेरच्या खोक्यात टाकायचे. जॅकेट मी धुऊन ठेवलंय, ते घरी न्यायचं आणि पुन्हा इकडे घालून यायचं नाही. आणि माझ्याशी वाद घालायचा नाही, माझी अजून इच्छा नाही बोलायची.

अंगात घालायला बाबांचा निळा सदरा काढून ठेवलाय. इस्त्री केलीय. बाह्या लांब होतील, दुमडून घे. तो घालून कारभाऱ्यापाशी हवा तितका वेळ बस. जाताना मात्र काढून खुंटीला लावायचा, घरी न्यायचा नाही. पुढच्या रविवारी लागेल.

अनेक आशीर्वाद.

ताई