गाडीच्या नाकावरची वाळ्याची ताटी

हिंगणघाट, १४ मे १९८७

ऑपरेशननंतर सुमनला आज माहेरून, अल्लीपूरहून घरी आणलं. तिला ऊन लागू नये म्हणून मित्राची एसीची गाडी मागून नेली होती. निघताना सासऱ्यांनी, आबांनी, दारावरची वाळ्याची ताटी काढली, भिजवली आणि गाडीच्या नाकावर बांधली. कूलरला असते तशी. मी का बांधू दिली? पण आबांना नाही कोण म्हणणार!

अर्ध्या वाटेत एसी गरम फुंकू लागला. सुमनचा चेहरा उतरला. खाली उतरून पाहिलं, तर आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी त्या ताटीने पुरती झाकलेली. जाळीला वाराच लागत नव्हता.

"ताटी सुकली काय, जावाईबापू? पानी मारू?" मागच्या सीटवरून आबा.

माझ्या जिभेने गावात कोणाला सोडलेलं नाही. पण आबांना एवढंच म्हणालो, "नको आबा, तिचं काम झालं. डिकीत ठेवतो."

थोड्या वेळाने गार हवा आली.

"पाह्य सुमे, वाळ्याचा गुण!"

सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी हसली.

गाडी परत गेली. ताटी सुमनच्या खिडकीला लागली आहे. आबा लोट्याने पाणी मारताहेत, ती झोपली आहे. इथे मात्र ताटी खरंच गार करते.