भलत्या जागी चाललेली कात्री

नुओरो, सोमवार

बाकिझिओदादा,

माझ्या गोनारियाचा थॅलेसेमिया तू बरा केलास, म्हणून आख्खं गाव तुला अजून दुवा देतं. तिची जनुकं दुरुस्त करताना तुझी कात्री भलत्याच जागी चालली आणि आता पोरीला रक्ताचा कर्करोग झालाय, हे त्यांना कुठं ठाऊक?

"असं कधीकधी होतं गं," म्हणालास. कधीकधी होतं? मग माझी सही घेताना तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?

काल ती म्हणाली, "आई, मामावर ओरडू नकोस ना. तो जवळ बसला की मला भीती वाटत नाही."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी येशीलच, तेव्हा तिच्याशी हसून बोल. माझ्याकडे मात्र बघू नकोस.

तुझीच बहीण, नाइलाजानं,
मिम्मिया