किटलीतले मोजे

ताईस,
साबणाने दोनदा हात धुऊन केलेला नमस्कार.

मी मजेत आहे. महिनाभर डोंगर तुडवून आता गावात तीन दिवस विश्रांती घेतोय. विश्रांती कसली, नुसती शिसारी. लॉजच्या एका खोलीत आम्ही सहा भटके. एकजण जेवणाच्या टेबलावर पायाचे फोड फोडतो, दुसरा चहाच्या किटलीत मोजे उकळतो. हे कळेपर्यंत मी चार कप चहा ढोसला होता.

खोलीतल्या घाण वासाची मालकीणबाईंकडे तक्रार केली, तर त्यांनी नाक दाबून माझ्याच पायांकडे बोट दाखवलं. बूट बाहेर ठेवले, तरी वास जाईना. शेवटी डोंगरात ठेचकाळलेल्या पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडली. अंगठा काळा पडलाय.

आता डॉक्टरकडे निघालोय. आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त चहाचं सांग.

तुझा धाकटा